पाऱ्याच्या पाण्यातले बटवे

मुलांनो, आज नदीतल्या दगडांची गोष्ट ऐका. नदी आपली नाही, लांबची आहे. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथली ही टॅफ नदी. डोंगरात उगम पावते, मर्थर टिडफिल या गावावरून खाली येते आणि कार्डिफ शहरापाशी समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या चालल्या. खाणींचं पाणी नदीत, भट्ट्यांची घाण नदीत, गावांचं सांडपाणीही नदीतच. एके काळी ती कोळशाच्या भुकटीनं काळी वाहायची.

१९८० च्या दशकात कार्डिफमधले बेल, डे आणि फ्राय हे शास्त्रज्ञ या नदीकाठी काम करत होते. त्यांचं लक्ष माशांकडे नव्हतं, पाण्याकडेही फारसं नव्हतं. त्यांना हवा होता दगडांवरचा बुळबुळीत थर. ओढा ओलांडताना ज्याच्यामुळं आपला पाय सटकतो ना, तोच. तो थर म्हणजे नुसता चिखल नव्हे. जिवाणू, शेवाळं आणि त्यांनी स्वतः तयार केलेला चिकट पदार्थ, असा तो सगळा जिवंत ऐवज असतो. वाहत्या पाण्यात दोन जिवाणूंची गाठ पडणं अवघड. दगडावर मात्र ते एकमेकांना खेटून, वर्षानुवर्षं शेजारी म्हणून राहतात. आणि शेजारी राहिलं की देवाणघेवाण होतेच. या शास्त्रज्ञांना ती देवाणघेवाणच पकडायची होती.

कसली देवाणघेवाण? ते कळायला आधी जिवाणूच्या घरात डोकवावं लागेल.

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. काय खायचं, कसं वाढायचं, एकाचे दोन कसे व्हायचे, हा त्याचा सगळा कारभार एका लांबलचक, वर्तुळाकार डीएनएवर लिहिलेला असतो. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा हा मजकूर सुमारे ४६ लाख अक्षरांचा आहे. पण पुष्कळ जिवाणूंकडे याखेरीज आणखी एखादं छोटं, सुटं वर्तुळ असतं. काही हजार अक्षरांचं, कधी काही लाख अक्षरांचं. त्याला म्हणतात प्लाझ्मिड. रोजचा संसार त्याच्यावाचून चालतो. तुमच्या पणजीकडे एक बटवा असायचा. सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ असं काय काय त्यात असे. रोजच्या स्वयंपाकाला तो लागत नसे, पण रात्री-अपरात्री कुणाचं पोट दुखलं की सगळ्यांना तोच आठवे. प्लाझ्मिड हा जिवाणूचा असा बटवा आहे. संकट आलं की उघडायचा.

फरक एकच, आणि तो मोठा नवलाचा आहे. पणजीनं बटवा शेजारणीला दिला असता तर तिच्याकडे उरला नसता. जिवाणू बटवा देतो आणि तरीही तो त्याच्याकडे राहतो. देणारा जिवाणू शेजाऱ्याला एक बारीक तंतू चिकटवतो, त्याला जवळ ओढतो आणि प्लाझ्मिडच्या दोन पदरांपैकी एक पदर त्याच्या अंगात सोडतो. मग दोघंही आपापल्याकडच्या एका पदराला जोडीचा दुसरा पदर विणून घेतात. झाले दोन बटवे! घेणारा आपल्याच जातीचा असला पाहिजे, असंही नाही. काही प्लाझ्मिडं अगदी दूरच्या कुळातल्या जिवाणूंच्या घरीही सुखानं नांदतात.

जिवाणू एकमेकांना जनुकं देतात हे पहिल्यांदा दाखवलं जोशुआ लेडरबर्ग या मुलानं. मुलगाच म्हणायचा, कारण १९४६ मध्ये एडवर्ड टेटम यांच्याबरोबर त्यानं हा शोध लावला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. प्लाझ्मिड हे नावही त्यानंच १९५२ मध्ये दिलं आणि ३३ व्या वर्षी नोबेल पारितोषिक मिळवलं.

आता बटव्यात काय असतं ते बघू. मला सगळ्यात आवडणारा बटवा पाऱ्याचा आहे.

पारा हे जहाल विष आहे. शरीरातल्या प्रथिनांत गंधकाचे अणू असतात, त्यांना तो घट्ट धरतो आणि प्रथिनं निकामी करतो. माणसाला काय, जिवाणूला काय, पारा सारखाच वाईट. पण ज्या जिवाणूकडे पाऱ्याचा बटवा असतो, तो काय करतो पाहा. त्यातलं एक प्रथिन पहारा देतं. पारा आल्याची वर्दी त्यानं दिली की बाकीची जनुकं जागी होतात. दुसरं प्रथिन बाहेरच्या बाजूला पाऱ्याचा आयन पकडतं. तिसरं त्याला पेशीच्या पडद्यातून आत नेतं. हो, आत! विष बाहेर ठेवायचं सोडून हा जिवाणू ते घरात घेतो, पण असं हातोहात सांभाळून, की वाटेत कुठल्याच प्रथिनाला त्याचा धक्का लागू नये. आत चौथं प्रथिन तयारच असतं. ते पाऱ्याला दोन इलेक्ट्रॉन देतं. त्यासरशी त्या आयनाचा साधा धातुरूप पारा होतो, तापमापीत असतो तो. धातुरूप पाऱ्याची वाफ होते आणि ती पेशीतून उडून जाते. १९७२ मध्ये अ‍ॅन समर्स आणि सायमन सिल्व्हर यांनी दाखवलं की प्लाझ्मिड असलेले ई. कोलाय पाऱ्याला अशी वाट काढून देतात. काही बटव्यांत आणखी एक प्रथिन असतं. ते सेंद्रिय पाऱ्यातला कार्बन आणि पारा यांच्यामधला बंध तोडतं. जपानच्या मिनामाता उपसागरात एका रसायन कारखान्यानं वर्षानुवर्षं सोडलेल्या अशाच सेंद्रिय, मिथाइल पाऱ्यानं मासे विषारी झाले, ते खाऊन माणसं कायमची पंगू झाली, कित्येक दगावली. १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याच उपसागराच्या गाळातून पुढं असा बंध तोडणारे जिवाणू शास्त्रज्ञांनी वेगळे काढले.

तुमच्यातल्या ओवीनं विचारलं, "आजोबा, मग पारा संपला ना?" नाही बाळा. पारा हे मूलद्रव्य आहे, ते संपत नाही. जिवाणूनं तो आपल्या अंगणातून हवेत सोडला, एवढंच. तो पुन्हा पावसाबरोबर कुठंतरी खाली येतो.

आता टॅफच्या काठावर परत चला. दगडावरच्या थरात पाऱ्याचे बटवे आहेत का, हे ओळखायचं कसं? सोपा उपाय सुचतो तो असा: थर खरवडावा, पारा घातलेल्या काचेच्या बशीत पसरावा आणि जे जिवाणू वाढतील त्यांच्यात प्लाझ्मिड शोधावं. पण इथं एक अडचण आहे. निसर्गातल्या जिवाणूंपैकी शंभरातला एखादाच आपल्या बशीत वाढतो. बाकीच्यांना आपलं अन्न आवडत नाही. त्यांच्याकडचे बटवे मग कधी दिसायचेच नाहीत.

त्यावर शोधलेली युक्ती ऐका, ती मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत सुंदर वाटते. मालक दिसत नसेल तर न दिसो, बटवा आपल्याकडे येईल अशी सोय करायची. प्रयोगशाळेतला एक जिवाणू घ्यायचा, बशीत उत्तम वाढणारा. त्याच्याकडे प्लाझ्मिड नसतं, त्याला पारा सोसत नाही. पण त्याच्या मुख्य डीएनएमध्येच असा बदल झालेला असतो की रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचं औषध त्याला मारू शकत नाही. हा पाहुणा जिवाणू नदीच्या थरातल्या असंख्य अनोळखी जिवाणूंबरोबर गाळणकागदावर एकत्र ठेवायचा. कार्डिफकरांनी तर देवाणघेवाण नदीतच कशी होते ते पाहायला असे गाळणकागद दगडांना बांधून पुन्हा वाहत्या पाण्यात ठेवले! मग सगळं मिश्रण अशा बशीत पसरायचं, जिच्यात पाराही आहे आणि रिफाम्पिसिनही आहे. नदीतले जिवाणू रिफाम्पिसिननं मरतात. पाहुणा पाऱ्यानं मरतो. मग जगतं कोण? ज्या पाहुण्याला त्या सहवासात कुणीतरी पाऱ्याचा बटवा दिला, फक्त तोच. बशीत उगवलेला प्रत्येक ठिपका सांगतो की इथं देवाणघेवाण झाली. देणारा कोण होता हे कदाचित कधीच कळणार नाही, पण त्यानं दिलेला बटवा आता आपल्या हातात आहे.

टॅफच्या दगडांवरून अशी पाऱ्याची मोठी मोठी प्लाझ्मिडं हाती लागली. त्यांतल्या एकाचं नाव पीक्यूएम१. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली: नदीचं पाणी जितकं ऊबदार, तितकी देवाणघेवाण जास्त. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आपल्याला ती पुढं लागणार आहे.

तुम्ही म्हणाल, जिवाणूंनी पारा सोसला तर बरंच झालं, आपलं काय बिघडलं? बिघडलं ते जपानमध्ये कळलं. १९५० च्या दशकात तिथं आमांशाची मोठी साथ होती. शिगेला नावाचा जिवाणू तो आजार करतो. डॉक्टरांना आढळलं की हे शिगेला एका नव्हे, चार-चार औषधांना एकदम दाद देत नाहीत. जिवाणूत असे बदल एकेक करून व्हायला हवेत, चारही एकदम कसे? १९५९ मध्ये ओचिआई आणि आकिबा या संशोधकांनी दाखवलं की हा प्रतिकार आतड्यातल्या ई. कोलायकडून शिगेलाकडे एका देण्यात जातो. चारही औषधांवरचे उतारे एकाच बटव्यात होते. त्या काळच्या जपानी शिगेलातलं एक प्लाझ्मिड आजही जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. त्याला आर१०० म्हणतात. सुमारे ९४ हजार अक्षरांचं हे वर्तुळ सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या औषधांना निष्प्रभ करतं. आणि त्याच वर्तुळावर पाऱ्याची जनुकंही आहेत!

इथं जरा थांबा आणि विचार करा, कारण सगळी ग्यानबाची मेख इथं आहे. एखाद्या नाल्यात औषधाचा थेंबही नाही, नुसता पारा आहे. त्या पाण्यात कोण तगेल? पाऱ्याचा बटवा असलेला जिवाणू. पण बटवा तर अख्खाच मिळतो, त्यातली एकच पुडी घेता येत नाही. मग पाऱ्यातून वाचलेला जिवाणू चार औषधांनाही पुरून उरणारा निघतो. औषध न वापरता औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, नुसत्या धातूच्या घाणीनं. आमच्या लहानपणी गुडघा फुटला की 'लाल औषध' लावायचे. मर्क्युरोक्रोम त्याचं नाव. त्यात पारा होता. रुग्णालयांतही पाऱ्याची जंतुनाशकं सर्रास असत. दातांत भरायच्या चांदीतही पारा असतो. १९९३ मध्ये अ‍ॅन समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या दातांत तशी चांदी भरून पाहिली, तेव्हा त्यांच्या तोंडातले आणि आतड्यातले पारा सोसणारे जिवाणू वाढले आणि औषधांना दाद न देणारेही वाढले.

हे बटवे माणसानं शिवले का? नाही. सैबेरियाच्या हजारो वर्षं गोठलेल्या मातीतही पाऱ्याची तशीच जनुकं सापडली आहेत. ज्वालामुखी तेव्हाही पारा ओकत होते. मग माणसानं काय केलं? त्याचं उत्तर जुन्या काचनळ्यांत मिळालं. मरे नावाच्या कॅनडातल्या जिवाणूशास्त्रज्ञानं १९१७ ते १९५४ या काळात जगभरातून आतड्यातले जिवाणू गोळा करून जपून ठेवले होते. त्यांतले बहुतेक प्रतिजैविकं घरोघरी पोचण्याआधीचे. १९८३ मध्ये ह्यूज आणि नाओमी दत्ता यांनी ते तपासले. जवळजवळ चौथ्या हिश्शात दुसऱ्याला देता येणारी प्लाझ्मिडं होती, आजच्याच कुळांतली. पण त्यांच्यात औषधांवरचे उतारे जवळपास नव्हतेच. बटवे जुने आहेत, मुलांनो. त्यांत पुड्या भरल्या गेल्या त्या आपण औषधांचा मारा सुरू केल्यावर, अवघ्या काही दशकांत. मला ही गोष्ट रात्री आठवली की झोप लागत नाही.

बटव्यात चांगल्याही पुड्या असतात, हे सांगायला हवं. टॉल्यूइन हे रंगात आणि इंधनात असणारं रसायन खाऊन पचवण्याची जनुकं मातीतल्या स्यूडोमोनास नावाच्या एका जिवाणूच्या प्लाझ्मिडवर आहेत. आपल्या बंगालच्या सैंथियात जन्मलेल्या आनंद मोहन चक्रवर्तींनी खनिज तेलाचे वेगवेगळे घटक पचवणारी प्लाझ्मिडं एका जिवाणूत एकत्र आणली. त्या जिवाणूच्या पेटंटचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये चक्रवर्ती जिंकले.

आता टॅफच्या काठावरून थेट दिल्लीला. कार्डिफ विद्यापीठातलेच टिमथी वॉल्श आणि त्यांचे सहकारी २०१० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवी दिल्लीतलं पाणी तपासत होते. त्यांना शोधायचं होतं एनडीएम-१ हे जनुक. कार्बापेनेम ही अगदी शेवटची राखीव औषधं. एनडीएम-१ ती मोडून टाकतं. रस्त्याकडेला, गल्ल्यांत साचलेल्या आणि पाझरणाऱ्या पाण्याचे १७१ नमुने घेतले, त्यांतल्या ५१ मध्ये ते जनुक मिळालं. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये मिळालं. ज्या जिवाणूंत मिळालं त्यांत पटकी आणि आमांश करणारेही होते. बहुतेकांत ते मोठ्या प्लाझ्मिडांवर होतं. आणि मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवते ना? इथंही उबेचाच प्रश्न, पण एका मर्यादेपर्यंत: या प्लाझ्मिडांची देवाणघेवाण २५ किंवा ३७ अंश सेल्सिअसपेक्षा ३० अंशाला जास्त होत होती. ३७ अंश म्हणजे माणसाच्या शरीराची ऊब, ३० अंश म्हणजे वर्षाचे कित्येक महिने दिल्लीच्या उघड्या गटाराची. म्हणजे रुग्णाच्या पोटापेक्षा गटारातच हा व्यवहार तेजीत.

हैदराबादजवळच्या पटणचेरूची गोष्ट याहून कठीण. तिथं अनेक औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध करून सोडत. २००७ मध्ये स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटानं ते 'शुद्ध' पाणी तपासलं, तर एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतकं नसतं. पुढं २०११ मध्ये त्यांनी तिथल्या नदीच्या गाळातला सगळा डीएनए वाचला. केंद्राच्या खालच्या अंगाला प्रतिकाराची जनुकं तर भरपूर होतीच, पण ती इकडून तिकडं नेणारी साधनं, प्लाझ्मिडं धरून, तीही भरपूर होती.

आपला पश्चिम किनाराही यातून सुटलेला नाही. गोव्यात दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या एन. रामय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००३ मध्ये नोंदवलं की भारताच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात पारा सोसणारे जिवाणू अनपेक्षितपणे वाढले आहेत.

आता शोधायच्या पद्धतीही पुष्कळ सुधारल्या. एकाच कुळातली दोन प्लाझ्मिडं एका पेशीत फार दिवस एकत्र राहू शकत नाहीत, कारण स्वतःची नक्कल करायची त्यांची यंत्रणा एकच असते. त्या यंत्रणेच्या अक्षरांवरून कुळ ओळखता येतं. १९९६ मध्ये जर्मनीतल्या कॉर्नेलिया स्मल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खुणा पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्रानं, शोधल्या. त्यासाठी जिवाणू वाढवावा लागत नाही. मातीतून, गाळातून, मैलापाण्यातून डीएनए काढा आणि विचारा, अमुक कुळ इथं आहे का? उत्तर काही तासांत येतं. सगळा डीएनए वाचायची यंत्रं त्याहून पुढची. पण तिथं एक पेच पडतो: प्लाझ्मिड दिसतं, मात्र ते कुणाच्या घरातलं हे कळत नाही, कारण पेशी फोडली की घर आणि बटवा वेगळे होतात. म्हणून आता पेशी फोडण्याआधी फॉर्मलिननं आतला डीएनए एकमेकांना जखडतात. मग बटवा मालकासकट सापडतो.

शेवटी एक गोष्ट सांगतो, म्हणजे हे शोधणं इतकं निकडीचं का ते कळेल. नाल्यातला पारा थांबवला, औषधं थांबवली, की हे बटवे टाकून दिले जातील असं वाटतं. पण १९८३ मध्ये ओगुरा आणि हिरागा या जपानी संशोधकांनी दाखवलं की काही प्लाझ्मिडं आपल्याबरोबर एक विष आणि त्याचा उतारा अशी जोडी बाळगतात. विष टिकाऊ असतं, उतारा लवकर विरतो आणि सतत नवा बनवावा लागतो. एखाद्या पिल्लाला वाटणीत प्लाझ्मिड आलंच नाही, तर उतारा संपतो, विष उरतं आणि ते पिल्लू मरतं. म्हणून एकदा शिरलेला बटवा सहजी सुटत नाही. घाण नाहीशी झाली तरी तो राहतो.

म्हणून घाण आधीच अडवावी लागते. घरातली जुनी तापमापी फुटली तर पारा मोरीत लोटू नका, उरलेल्या गोळ्या नाल्यात टाकू नका. आणि आणखी एक मागणं आहे, ते तुमच्याकडे कमी आणि मोठ्यांकडे जास्त. नदीचं पाणी तपासतात तेव्हा त्यातला प्राणवायू मोजतात, बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण मोजतात, मैल्याची खूण असलेले कॉलिफॉर्म जिवाणू मोजतात. रुग्णालयांच्या आणि औषध कारखान्यांच्या नाल्यांखाली त्याबरोबर प्लाझ्मिडांच्या खुणाही मोजायला हव्यात. कोविडच्या साथीत पीसीआरची यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आली आहेत. त्यांना हे काम द्या.